मिनुल्ला ओन किर्या

दर रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास आमचा फोन वाजतो आणि पडद्यावर नात दिसते. वय वर्षे नऊ, मुक्काम एस्पो. हेलसिंकीला लागूनच हे शहर आहे. लेक आणि जावई नोकरीनिमित्त तिकडे गेले, आणि ही पोर तिथल्या शाळेत फिनिश भाषेतून शिकते. माझी निम्मी हयात सोलापुरात मराठी शिकवण्यात गेली. त्यामुळे नातीचा अभ्यास विचारायची खोड काही जात नाही. एका रविवारी मी तिला म्हणाले, "तुझ्या भाषेतलं एक सोपं वाक्य सांग बघू."

ती म्हणाली, "मिनुल्ला ओन किर्या."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्याकडे पुस्तक आहे. आजी, हे एकदम सोपं आहे. हे पहिलीतलं आहे."

तिच्या दृष्टीने पहिलीतले असलेले ते वाक्य मला पुढचे तीन आठवडे पुरले. त्यातून जे कळले आणि जे उशिरा कळले, ते आज लिहिते आहे.

आधी वाक्य सोडवू. 'किर्या' म्हणजे पुस्तक. 'ओन' म्हणजे आहे. राहिले 'मिनुल्ला'. फिनिशमध्ये 'मी'ला 'मिनॅ' म्हणतात. त्याला '-ल्ला' हा प्रत्यय लागतो, अर्थ '-पाशी' किंवा '-वर'. प्रत्यय लागताना 'मिनॅ'चे 'मिनु' होते, मग मिनुल्ला. आपण तरी दुसरे काय करतो? 'मीकडे' म्हणत नाही, 'माझ्याकडे' म्हणतो. 'तू'साठी त्यांचे 'सिनॅ', पण तुझ्याकडे म्हणताना 'सिनुल्ला'. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाच्या रूपात होणारा हा बदल म्हणजे आपले सामान्यरूप! वर्गात हा धडा आला की निम्मी मुले खिडकीबाहेर बघायची. ते सामान्यरूप एवढ्या थंड देशात सुखाने नांदते आहे हे कळल्यावर मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

दुसरी गंमत अशी की या वाक्यात 'असणे' आहे, पण इंग्रजीतले 'हॅव' नाही. इंग्रजी माणूस म्हणतो 'आय हॅव अ बुक', म्हणजे मी कर्ता आणि पुस्तक माझ्या ताब्यात. फिन्निश माणूस म्हणतो, पुस्तक आहे, आणि ते माझ्यापाशी आहे. वाक्याचा मालक पुस्तक, मी नुसती जागा. आपलेही तसेच. आणि फक्त मराठीचे नव्हे. आमच्या सात रस्त्यावर अर्धा तास उभे राहिले तर चार भाषा कानावर पडतात. कन्नड माणूस म्हणेल 'नन्न हत्तिर पुस्तक इदे'. तेलुगू माणूस म्हणेल 'ना दग्गर पुस्तकं उंदि'. दखनी बोलणारा म्हणेल 'मेरे कने किताब है'. चौघांनाही 'हॅव' लागत नाही. चौघांचेही 'मी' रूप बदलून पुढे येते. आणि पाचवी ही मिनुल्लावाली, थेट उत्तर ध्रुवाच्या शेजारची.

कोणी म्हणेल, मग या भाषा नात्यातल्या असणार. तसे मुळीच नाही. मराठी आहे संस्कृतच्या कुळातली, म्हणजे दूरच्या नात्याने इंग्रजी आणि स्वीडिश यांची चुलत बहीण. फिनिशचे कुळ वेगळे, उरली. एस्टोनियन तिची सख्खी, हंगेरियन लांबची. तेलुगू-कन्नड द्राविडी. रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ साली द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण लिहिले, तेव्हा या भाषांचे धागे फिनिशपर्यंत पोहोचतात असे त्यांना वाटले होते. आजचे भाषाशास्त्रज्ञ ते मानत नाहीत. फिनलंडमध्ये फिनिशबरोबर स्वीडिशही राजभाषा आहे, म्हणजे आपली चुलत बहीण तिथे हजर आहे. पण ती म्हणते 'याग हार एन बूक', सरळ इंग्रजीच्या वळणाचे. रक्ताच्या नात्याची भाषा वेगळे बोलते आणि परकी आपल्यासारखे बोलते. माणसांतही असे पाहतोच की आपण!

मात्र एक शब्द त्यांनी आपल्या पूर्वजांकडून नेलेला आहे. शंभराला फिनिशमध्ये 'साता' म्हणतात. तेच आपले शत. हजारो वर्षांपूर्वी त्यांचे आणि इंडो-इराणी बोलणाऱ्यांचे पूर्वज कुठेतरी शेजारी राहिले असणार, आणि मोजता मोजता हा शब्द उसना गेला. हातोड्याला ते 'वासारा' म्हणतात, त्याचे नाते वज्राशी सांगतात. उसने नेलेले परत कोण देतो! असो.

पुढच्या रविवारी मी विभक्तीकडे वळले. फिनिश नामाची पंधरा रूपे सांगतात. पंधरा ऐकून मी घाबरले. आपल्या आठांनीच मुले रडकुंडीला येत. पण नातीने हात हलवत समजावले ते असे. 'तालो' म्हणजे घर. तालोस्सा, घरात. तालोस्ता, घरातून. तालोऽन, घरात, पण आत शिरताना. 'कातु' म्हणजे रस्ता. कादुल्ला, रस्त्यावर. कादुल्ता, रस्त्यावरून. कादुल्ले, रस्त्यावर, पण तिकडे जाताना. म्हणजे 'आत'ची तीन रूपे आणि 'वर-पाशी'ची तीन. असणे, निघणे, पोहोचणे. 'तो घरात आहे' आणि 'तो घरात गेला' या दोन्हींना आपण एकच 'घरात' वापरतो, ते मात्र फरक करतात. शिवाय 'कातु'तला 'त' प्रत्यय लागताना मऊ होऊन 'द' झाला, जसा आपला रस्ता 'रस्त्या-वर' होतो.

मग लक्षात आले की पंधरा हा आकडा मोजणीचा खेळ आहे. आपण 'त' हा प्रत्यय विभक्तीत धरतो आणि 'कडे', 'वर', 'पाशी' यांना शब्दयोगी अव्यये म्हणून दुसऱ्या पानावर बसवतो. त्यांची मोजणी आपल्याला लावली तर मराठीच्याही विभक्ती भराभर वाढतील. उलट, आपल्या तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय एकच आहेत. स, ला, ते, स, ला, ना, ते. एखादे चुणचुणीत पोर विचारायचे, "बाई, दोन्ही सारखेच आहेत तर दोनदा का पाठ करायचे?" मी म्हणायची, "तसंच आहे ते, पाठ कर." खरे उत्तर असे होते की आपला तक्ता संस्कृतच्या साच्यावर बेतलेला आहे, आणि साच्यात आठ खण आहेत म्हणून आठ भरायचे. मला ते उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. पण प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि पाठ करा म्हणायला लागत नाही.

दादोबा पांडुरंगांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली छापले गेले. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे. दोघांविषयी माझ्या मनात मोठा आदर आहे. पण आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलच्या देवळात शके ९४०, म्हणजे सन १०१८ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. हे जो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाचे साधे वाक्य त्यावर आहे. ज्याने ते कोरले त्याला शाळेतला विभक्तीचा तक्ता कोणी घोकायला लावला नव्हता. वाक्य आधी, तक्ता नंतर. आम्ही मात्र वर्गात तक्ता आधी आणि वाक्य जमले तर, अशी रीत ठेवली.

नकाराची गोष्टही अशीच. फिनिशमध्ये 'नाही' हे क्रियापद आहे, ते माणसाप्रमाणे बदलते. मी असेन तर 'एन', तू असशील तर 'एत', तो किंवा ती असेल तर 'एइ', ते असतील तर 'एइवॅत'. इंग्रजीवाल्यांना याचे फार नवल वाटत असणार. आपल्याला का वाटावे? तू नाहीस, ते नाहीत, आपलेही बदलतेच की. तेलुगूत तर फारच ठसठशीत आहे: नेनु लेनु, नुव्वु लेवु, वाळ्ळु लेरु. मी नाही, तू नाहीस, ते नाहीत. पूर्व भागातल्या माझ्या तेलुगू विद्यार्थ्यांना 'नाहीस' आणि 'नाहीत' शिकवताना मी एकदाही विचारले नाही, की बाळांनो, तुमच्या घरी हे कसे म्हणतात? विचारले असते तर पाच मिनिटांत काम झाले असते.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

तिसऱ्या रविवारी नातीने एक चूक सांगितली. तिने वहीत लिहिले होते, 'काक्सि किर्यात', म्हणजे 'दोन पुस्तके'. 'काक्सि' म्हणजे दोन. 'किर्यात' हे पुस्तकाचे अनेकवचन. मराठी डोक्याने हे बरोबर आहे. पण फिनिशमध्ये दोन, तीन, सात अशा आकड्यांपुढे नाम एकवचनातच येते, फक्त त्याला एक खास प्रत्यय लागतो. तिथे 'किर्या'चे 'किर्याऽ' होते, शेवटचा आ लांबवायचा. आणि क्रियापदही एकवचनीच राहते. मिनुल्ला ओन काक्सि किर्याऽ. शब्दाला शब्द ठेवला तर, माझ्याकडे आहे दोन पुस्तक.

मी विचारले, "मग बाई रागावल्या का?"

"नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या भाषेत कसं म्हणतात ते सांग. मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, अच्छा, म्हणून तू असं लिहिलंस. मग त्यांनी फळ्यावर दोन्ही लिहिलं."

फोन ठेवला आणि मला एक मुलगा आठवला.

पस्तीस-चाळीस वर्षे झाली असतील. सहावीचा वर्ग. अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला पोरगा, घरी कन्नड. मामाकडे राहून शिकत होता. निबंधात त्याने लिहिले होते, 'माझ्याकडे दोन पुस्तक आहे'. मी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. म्हणाले, "पुस्तकं दोन आणि 'आहे' एकच? दुसरं पुस्तक काय मामाकडे ठेवलंस?" वर्ग हसला. तोही हसला, पोरे हसतात तसा, मान खाली घालून. वहीवर मी लाल शाईने दोन वर्तुळे काढली. त्यानंतर त्याने वर्षभर हात वर केला नाही. तेव्हा हे माझ्या लक्षात आले नाही. आत्ता मागे वळून पाहताना येते.

बोलण्यातल्या कन्नडात 'एरडु पुस्तक इदे' चालते. दोन पुस्तक आहे. दोन म्हटल्यावर अनेक आहेत हे कळलेच, मग पुन्हा पुस्तकाला शेपूट कशाला? हा आळस नव्हे, हा नियम आहे, आणि फिनलंडमध्ये तोच नियम पाठ्यपुस्तकात आहे. तो पोरगा चुकला नव्हता. तो कन्नड व्याकरण अचूक पाळून मराठी शब्द बोलत होता. मला मराठीचे व्याकरण येत होते, पण माझ्यासमोर बसलेल्या मुलाचे येत नव्हते.

आणि यातला सगळ्यात मोठा विनोद ऐका. त्या शाळेतून मी रोज घरी यायची ती बस सात रस्त्याला थांबायची. सात रस्ता! सात रस्ते नव्हे. उभ्या शहराने आकड्यापुढे एकवचन ठेवले आहे आणि मी ते रोज कंडक्टरला सांगत होते. मुंबईतही सात रस्ता आहे, तिथेही कोणी लाल वर्तुळ काढत नाही. नातीला विचारले, सात रस्ता फिनिशमध्ये कसे? ती म्हणाली, 'सेइत्सेमॅन कातुआ'. पुन्हा एकवचन!

भाषा शेजारी राहिल्या की एकमेकींच्या घरात जातात, याचा अभ्यास आपल्याच भागात झालेला आहे. सांगलीजवळच्या कुपवाडला जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू या चार भाषा एका गावात कशा नांदतात ते पाहिले, आणि १९७१ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. शब्द ज्याचे त्याचे, पण वाक्याची बांधणी जवळजवळ एकच, असे त्यांना आढळले. तिथल्या मराठीत निर्जीव वस्तूंचे पुल्लिंग-स्त्रीलिंग गळून कन्नडची पद्धत आली होती. जे माझ्या तपासणीत चूक ठरले असते, ते त्यांच्या वहीत भाषेची रीत म्हणून नोंदले गेले. हा लेख माझ्या नोकरीच्या काळात जगात होता. आमच्या प्रशिक्षणात त्याचे नावही निघाले नाही.

माझे म्हणणे काय, ते स्पष्ट सांगते. प्रमाण मराठी शिकवू नका असे मी म्हणत नाही. बोर्डाच्या पेपरात 'दोन पुस्तक आहे' लिहिले तर गुण जाणार, नोकरीच्या अर्जातही ते खटकणार. मुलाला 'दोन पुस्तके आहेत' आलेच पाहिजे. गरीब घरातल्या मुलाला तर जास्तच, कारण त्याची चूक कोणी पोटात घालत नाही. पण ते शिकवायची वाट त्याच्या घरावरून जावी. 'तुझ्याकडे असं म्हणतात, इथे असं म्हणतात', एवढे दोन ओळींत फळ्यावर लिहायला विभक्तीच्या तक्त्यापेक्षा कमी खडू लागतो.

माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एका बाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "साठ पोरांच्या वर्गात चार भाषा, कोणाकोणाचं घर विचारणार? आणि शिक्षकाला कन्नड, तेलुगू यायला हवं ना?" प्रश्न रास्त आहे. नातीचा वर्ग लहान आणि तो देश श्रीमंत. तिथे परभाषक मुलांसाठी 'फिनिश ही दुसरी भाषा' असा वेगळा अभ्यासक्रम आहे. मुलांच्या घरच्या भाषेचेही, किमान चार मुले जमली तर, आठवड्याला दोन तास घेता येतात आणि त्याला सरकारी अनुदान मिळते. अर्थात नगरपालिकेवर त्याची सक्ती नाही, म्हणजे सगळे तिथेही आलबेल नाही. पण मला सांगा, नातीच्या बाईंना मराठी कुठे येत होते? त्यांनी फक्त विचारले. भाषा मुलाला येत होती. शिक्षकाला कुतूहल असले की पुरते, आणि त्याला अनुदान लागत नाही.

सोलापूरला तर हे अवघड जायला नको. ज्या सिद्धरामेश्वरांना आपण ग्रामदैवत मानतो, त्यांनी बाराव्या शतकात वचने रचली ती कन्नडमध्ये. पद्मशाली विणकर तेलुगू बोलत इथे आले आणि सोलापुरी चादरीचे नाव त्यांच्या हातांनी मोठे केले. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही माध्यमांच्या शाळा या शहराने पाहिल्या. बाजारात आपण चारही भाषांना मान देतो, कारण तिथे गिऱ्हाईक असते. वर्गाच्या दारात मात्र तीन भाषांना चपलांबरोबर बाहेर ठेवतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्हीही पेढे वाटले. आनंद आहेच. पण दर्जा मिळालेल्या भाषेने थोरल्या जावेसारखे धाकट्यांना टोमणे मारू नयेत. तिने त्यांना जवळ बसवून विचारावे, "तुमच्याकडे कसं म्हणतात गं?"

मी आता रोज पाच नवे फिनिश शब्द लिहिते. विसरतेही तेवढेच. परवा 'तुलि', 'तूलि' आणि 'तुल्लि' यांत गोंधळ झाला. पहिल्याचा अर्थ विस्तव, दुसऱ्याचा वारा आणि तिसऱ्याचा जकात. नात पोट धरून हसली. मी तिला म्हटले, "आपल्याकडेही 'दिन' वेगळा आणि 'दीन' वेगळा. जरा 'हला' म्हणायच्या जागी 'हल्ला' म्हणालीस तर पळापळ होईल." मग तिने मला प्रत्येक शब्द तीन-तीनदा म्हणायला लावला. चुकले की म्हणायची, "परत म्हण, आजी." रागावली नाही.

तो मुलगा आता पन्नाशीच्या आसपास असेल. कुठे आहे, काय करतो, मला ठाऊक नाही. त्याच्या वहीतली ती दोन लाल वर्तुळे मी आज मागे घेते. आणि त्याला विचारते, तेव्हा विचारायला हवे होते ते: बाळ, तुमच्या घरी कसे म्हणतात?